नंदिवर्धनाची राजमाता प्रभावतीगुप्ता

नागपूरहून कामठी, कन्हान व मनसर या मार्गाने सुमारे ५० किलोमीटर गेले असता रामटेकचा डोंगर दृष्टीस पडतो. आमच्या मनीषनगरच्या वस्तीतही त्या डोंगराचे नाव ठाऊक नाही असे घर विरळा. प्रभू रामचंद्र वनवासात येथे राहिले, दुष्टांच्या संहाराची टेक म्हणजे प्रतिज्ञा त्यांनी येथेच केली, अगस्ति ऋषींचा आश्रम येथेच होता, शंबूकाचा वध याच स्थळी झाला, अशा कथा पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात. कार्तिकी पौर्णिमेस येथे मोठी यात्रा भरते. महाकवी कालिदासाच्या मेघदूतातील विरही यक्षाचे रामगिरी ते हेच, असे पुष्कळ विद्वानांचे मत असल्यामुळे काव्यरसिकांसही हे स्थान प्रिय झाले आहे. परंतु ज्या कालिदासाने रामगिरीस अमर केले, त्याच्याच काळाच्या आसपास या परिसरात एक राणी नांदत होती, राज्य करीत होती आणि याच डोंगरावरील देवाच्या चरणी मस्तक ठेवीत होती, ही गोष्ट यात्रेस जाणाऱ्यांपैकी किती जणांस माहीत असेल? दंतकथांनी डोंगर भरून गेला, आणि जिचा पुरावा तांब्यावर कोरलेला होता ती स्त्री मात्र सुमारे चौदाशे वर्षे लोकांच्या स्मरणातून नाहीशी झाली. त्या राणीचे, प्रभावतीगुप्तेचे, चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस सांगावे असा आमचा हेतू आहे.

असा प्रकार केवळ आपल्याच देशात घडतो असे नाही. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात कार्लिऑन नावाचे एक लहानसे नगर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लोकांनी तेथे आपल्या एका पलटणीचे ठाणे वसविले व त्यास इस्का असे नाव दिले. रोमन गेले, भिंती पडल्या, गवत वाढले, आणि तेथील मोठ्या वर्तुळाकार खळग्यास लोक आर्थर राजाचे गोलमेज म्हणू लागले. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉन्मथ या ग्रंथकाराने आर्थराचा दरबार तेथे भरविल्यावर तर ती कथा जगभर पसरली. पुढे १९२६ व १९२७ या साली मॉर्टिमर व टेसा व्हीलर या दांपत्याच्या पुढाकाराने उत्खनन झाले, तेव्हा त्या गवताखाली रोमन सैनिकांची रंगभूमी निघाली. हेच व्हीलरसाहेब पुढे १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले. कथा खोटी म्हणून टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. कथेमुळेच ते स्थळ लोकांच्या लक्षात राहिले. मात्र कथेच्या खाली काय आहे, हे पाहण्याचे कष्ट कोणी तरी घेतले पाहिजेत. रामटेकच्या परिसरात ते कष्ट घेतले गेले, आणि त्यांतून प्रभावतीगुप्ता आपणांस परत मिळाली.

प्रभावतीचा पिता म्हणजे मगधाचा प्रख्यात सम्राट दुसरा चंद्रगुप्त. इ. स. ३८० च्या सुमारास तो सिंहासनावर आला. विक्रमादित्य ही पदवी त्याने धारण केली होती, आणि फाहियान हा चिनी बौद्ध यात्रेकरू त्याच्याच राजवटीत हिंदुस्थानात हिंडत होता. प्रभावतीची माता कुबेरनागा ही नागकुळातील राजकन्या होती. अशा रीतीने पित्याकडून गुप्तांचे व मातेकडून नागांचे, अशी दोन थोर घराणी तिच्या रक्तात एकत्र आली होती. या दोन्ही कुळांचा तिला केवढा अभिमान होता, हे तिच्या ताम्रपटांवरून स्पष्ट दिसते.

त्या काळी विदर्भावर वाकाटक घराण्याचे राज्य होते. विंध्यशक्ती हा त्या घराण्याचा मूळ पुरुष. त्याचा पुत्र पहिला प्रवरसेन याने चार अश्वमेध यज्ञ करून सम्राट ही पदवी घेतली होती. त्याच्यानंतर राज्याचे विभाग झाले. एक शाखा वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम येथे, तर थोरली शाखा नंदिवर्धन येथे राज्य करू लागली. हे नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या दक्षिणेस काही किलोमीटरांवर असलेले आजचे नगरधन. तेथे आज दिसणारा भुईकोट किल्ला भोसल्यांच्या काळचा आहे. परंतु त्या मातीच्या खाली वाकाटकांची राजधानी निजलेली आहे.

चंद्रगुप्ताची दृष्टी त्या सुमारास पश्चिमेकडे लागली होती. माळवा, गुजराथ व काठेवाड या प्रांतांवर शक क्षत्रपांचे राज्य पिढ्यानपिढ्या चालत आले होते आणि ते मोडून काढण्याचा त्याचा निश्चय होता. अशा मोहिमेत दक्षिणेच्या बाजूस असलेले वाकाटकांचे बलाढ्य राज्य मित्र असणे अत्यंत अगत्याचे होते. इतिहासकारांचे मत असे की, याच हेतूने चंद्रगुप्ताने आपली कन्या वाकाटक राजा पहिला पृथिवीषेण याचा पुत्र रुद्रसेन यास दिली. पुढे चंद्रगुप्ताने क्षत्रपांचा उच्छेद केला व त्या प्रांतांत गुप्तांची चांदीची नाणी चालू लागली. राजकारणाच्या पटावर कन्येचे दान ही त्या काळची नित्याचीच चाल होती. अशा विवाहांतील असंख्य राजकन्यांची नावेदेखील इतिहासास ठाऊक नाहीत. प्रभावतीचे नाव मात्र राहिले, आणि ते तिच्या स्वतःच्या कर्तृत्वाने राहिले.

पृथिवीषेणाच्या मागून प्रभावतीचा पती दुसरा रुद्रसेन या नावाने गादीवर बसला. वाकाटकांचे पूर्वज शिवाचे उपासक होते. रुद्रसेन मात्र चक्रपाणी विष्णूचा भक्त झाला, आणि आपले वैभव हे त्या देवाच्या कृपेचे फळ आहे असे त्याच्या घराण्याच्या लेखांतून त्याच्याविषयी सांगितलेले आढळते. गुप्त घराणे परम वैष्णव होते. तेव्हा पतीच्या या बदलात प्रभावतीच्या सहवासाचा वाटा असावा, असे बहुतेक विद्वान मानतात. परंतु हा संसार फार काळ टिकला नाही. इ. स. ४०५ च्या सुमारास, अल्पकाळ राज्य करून, रुद्रसेन मरण पावला. प्रभावतीच्या पदरी लहान मुले होती, आणि राज्याचा वारस दिवाकरसेन हा अजून राज्यभार उचलण्याच्या वयाचा नव्हता.

राजा मेला व वारस अज्ञान, यापेक्षा अधिक कठीण प्रसंग प्राचीन राज्यावर क्वचितच येई. अशा वेळी भाऊबंद पुढे सरसावत, सरदार फितूर होत व शेजारचे राजे सीमेवर येऊन उभे राहत. वत्सगुल्म येथे वाकाटकांचीच दुसरी शाखा राज्य करीत होती. त्यातून कारभार हाती घेणारी व्यक्ती विधवा स्त्री. त्या काळच्या समाजात पतिनिधनानंतर स्त्रीचे स्थान किती दुबळे होत असे, याची कल्पना यावी म्हणून एक गोष्ट सांगतो. प्रभावतीनंतर सुमारे शंभर वर्षांनी, इ. स. ५१० मध्ये, मध्य हिंदुस्थानातील एरण येथे कोरलेल्या एका लेखात, रणात पडलेल्या गोपराज नावाच्या वीराच्या पत्नीने त्याच्यासह अग्निप्रवेश केल्याची नोंद आहे. प्रभावतीने जगण्याचा व राज्य सांभाळण्याचा मार्ग पत्करला. निदान तेरा वर्षे तिने पुत्राच्या नावाने विदर्भाचा कारभार पाहिला.

हे तेरा वर्षांचे प्रमाण आपणांस एका ताम्रपटावरून मिळते. विद्यार्थ्यांनी ताम्रपट म्हणजे काय हे नीट समजून घ्यावे. राजाने एखाद्यास जमीन अथवा गाव दान दिले म्हणजे त्याची सनद तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देत. ते पत्रे एका कडीत ओवून त्यांस राजमुद्रा लावीत. कागद कुजतो, ताडपत्र किडे खातात, पण तांबे टिकते. दान घेणाऱ्याच्या वंशजांस तो आपल्या हक्काचा पुरावा असल्यामुळे ते त्यास जिवापलीकडे जपत. वाकाटकांच्या अशा सनदांत दान दिलेल्या गावास अनेक सवलती लिहिलेल्या असतात. त्या गावात राजाच्या शिपायांनी शिरू नये, सरकारी माणसांनी गवत, चामडे व कोळसा मागू नये, फुले व दूध फुकट घेऊ नये, गाईबैल वेठीस धरू नयेत, आणि गावकऱ्यांस वेठबिगार नसावी. या सवलती वाचल्या म्हणजे इतर गावांवर केवढा भार पडत असेल, हेही आपोआप कळून येते. राजे-राण्यांच्या वैभवाचा पाया कोणाच्या श्रमांवर उभा होता, याची आठवण इतिहास वाचणाऱ्याने सदैव ठेवावी.

प्रभावतीचा पहिला ताम्रपट पुणे ताम्रपट या नावाने ओळखला जातो, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी तो पुण्यात एका तांबटाच्या घरी आढळला. काशिनाथ बापूजी पाठक व काशीनाथ नारायण दीक्षित या विद्वानांनी तो वाचून प्रसिद्ध केला. कारभाराच्या तेराव्या वर्षी, कार्तिक शुद्ध द्वादशीस, नंदिवर्धनाहून ही सनद निघाली. आपल्या देवाच्या चरणी निवेदन करून राणीने चनालस्वामी नावाच्या भगवद्भक्त आचार्यास दंगुण नावाचे गाव दिले. विद्वान हे गाव हिंगणघाटच्या परिसरात शोधतात. आजही कार्तिकी पौर्णिमेस लोक रामटेकास लोटतात, आणि त्या पौर्णिमेच्या तीनच दिवस आधीची ही तिथी आहे, हे पाहून आम्हांस मोठे कौतुक वाटते.

परंतु या ताम्रपटातील खरे महत्त्व दानात नाही, तर राणीने स्वतःची ओळख ज्या रीतीने करून दिली आहे तिच्यात आहे. वाकाटकांच्या सनदा सामान्यतः वाकाटकांच्या वंशावळीने सुरू होतात. ही सनद गुप्तांच्या वंशावळीने सुरू होते. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त, अशी आपल्या माहेरची पिढी सांगून राणी त्या सम्राटाची कन्या म्हणून स्वतःचे नाव घेते. त्यानंतर ती आपल्या नागकुलीन मातेचा उल्लेख करते आणि मगच आपण रुद्रसेनाची पट्टराणी व युवराज दिवाकरसेनाची माता आहोत असे सांगते. विवाहानंतर स्त्रीचे गोत्र बदलते ही आपल्याकडील सर्वमान्य समजूत. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध होते. प्रभावती मात्र आपले पित्याकडील धारण हेच गोत्र सांगते. इतकेच काय, वाकाटकांच्या सनदांत अक्षरांच्या माथ्यावर चौकोनी पेटीसारखी आकृती काढण्याची रूढी होती, तीही या पटात नाही. येथे अक्षरांचा घाट निराळा आहे.

यावरून काही इतिहासकारांनी असे अनुमान काढले की, प्रभावतीच्या कारकीर्दीत विदर्भ हा गुप्तांच्या छायेखालील एक प्रांतच झाला होता आणि राज्य खरे पाहता तिचा पिताच पाटलिपुत्राहून चालवीत होता. या मतात तथ्यांश असेल. जामातामागे सासऱ्याने कन्येस आधार दिला असल्यास ते स्वाभाविकच होय. तथापि दुसऱ्या बाजूचा पुरावाही त्याच पटात आहे. आपण सम्राटकन्या आहोत असे अभिमानाने सांगणाऱ्या या स्त्रीने स्वतः राज्यपद धारण केले नाही. तिने काळाची गणना केली ती पुत्राच्या कारभाराच्या वर्षांनी. आणि सनदेच्या मुद्रेवर, जेथे राजाचे नाव झळकावयाचे, तेथे तिने आपले नावही घातले नाही. वाकाटकांच्या क्रमाने राज्यलक्ष्मी ज्यास प्राप्त झाली आहे त्या युवराजाच्या जननीची ही आज्ञा आहे, एवढाच त्या मुद्रेचा आशय. गुप्तांची कन्या असल्याचा अभिमान सनदेच्या मजकुरात, पण अधिकार मात्र वाकाटकांच्या बाळाचा, हा भेद राणीने काटेकोरपणे पाळला आहे. परक्याच्या ठेवीचा सांभाळ करणारा प्रामाणिक कारभारी जसा वागेल, तशीच ती वागली, असे आमचे मत आहे.

त्या ठेवीच्या वाटेत एक मोठे दुःख होते. ज्या दिवाकरसेनासाठी राणीने तेरा वर्षे राज्य राखले, तो महाराज झाल्याचा उल्लेख कोठेही नाही. पुढील लेखांत त्याचे नाव येत नाही, त्यावरून तो युवराज असतानाच मरण पावला असे मानले जाते. पतीमागून थोरला पुत्रही गेला. ज्याच्या नावाने दिवस मोजले तोच राहिला नाही. अशा वेळी सत्तेचा लोभ असणाऱ्याने सत्ता अधिक घट्ट धरली असती आणि दुबळ्या मनाच्या माणसाने ती सोडून दिली असती. प्रभावतीने यांपैकी काहीच केले नाही. तिने दुसरा पुत्र दामोदरसेन यास गादीवर बसविले, आणि त्याच्यानंतर धाकटा पुत्र दुसऱ्या प्रवरसेनाच्या नावाने महाराज झाला. बरेच दिवस काही विद्वानांस असे वाटे की, दामोदरसेन हेच प्रवरसेनाचे मूळ नाव असावे. पण भंडारा जिल्ह्यातील मिरेगाव येथे सापडलेल्या प्रभावतीच्या ताम्रपटाने हा वाद मिटविला, तो कसा हे आम्ही पुढे सांगू.

राणीचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळाला. हेच ते रिद्धपूर, जेथे पुढे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ सिद्ध केला. ही सनद प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या वर्षाची, म्हणजे इ. स. ४४० च्या आसपासची आहे. तीत गणना पुत्राच्या राजवर्षाची असली, तरी दान देणारी राणी आहे, आणि ती रामगिरीस्वामीच्या चरणांजवळून दिलेली आहे. पतिनिधनास पस्तीसएक वर्षे लोटली होती. पुत्र राज्य करीत होता, नातवंडे झाली होती, आणि वृद्ध राजमाता डोंगरावरील देवाच्या सेवेत होती. या सनदेत तिच्या आयुष्याविषयी शंभर वर्षांचा उल्लेख असणारे एक लांब विशेषण आहे. त्याचा शब्दशः अर्थ घेतल्यास काळाचा मेळ बसत नाही. तेव्हा दीर्घायुष्य व पुत्रपौत्रांचे सुख दर्शविणारा तो गौरवाचा शब्द समजावा, हे बरे.

आता मिरेगावच्या ताम्रपटाकडे वळू. तो प्रवरसेनाच्या विसाव्या वर्षाचा आहे. त्याच्या मुद्रेचा आशय असा की, ही पराक्रमी अशा दोन वाकाटक राजांच्या जननीची, प्रभावतीगुप्तेची आज्ञा होय. दोन राजे म्हटल्यामुळे दामोदरसेन व प्रवरसेन हे दोन भिन्न बंधू होते व दोघांनीही राज्य केले, हे निश्चित झाले. परंतु आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे वेधते. पहिल्या मुद्रेवर राणीचे नाव नव्हते, केवळ युवराजाची माता असा निर्देश होता. कर्तव्य पुरे झाल्यावर, दोन पुत्रांस सिंहासनावर बसवून झाल्यावर, ही वृद्धा आपल्या मुद्रेवर आपले नाव घालते. ज्याचे होते ते त्याच्या हाती दिले, आणि मग स्वतःचे नाव लिहिले. या दोन मुद्रा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एका संपूर्ण आयुष्याचा वृत्तांत त्यांत वाचता येतो.

पुत्रांस तिने कसे वाढविले, याची साक्ष प्रवरसेन स्वतः देतो. त्याने प्रवरपूर नावाची नवी राजधानी वसविली. हे प्रवरपूर वर्ध्याजवळचे पवनार असे पूर्वी मानीत. परंतु १९९७ नंतर रामटेकजवळच मनसर येथे जी उत्खनने झाली, त्यांत राजवाडा व भव्य मंदिराचे अवशेष निघाल्यामुळे अनेक संशोधक मनसर हेच प्रवरपूर म्हणतात. सेतुबंध हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य याच प्रवरसेनाच्या नावावर आहे. वानरसेनेने बांधलेला सेतू व रावणाचा वध हा त्याचा विषय. आपली मराठी ज्या भाषेपासून निघाली, त्या भाषेत एका राजाने काव्य लिहावे, आणि ते रामाच्या नावाच्या डोंगरापाशी नांदणाऱ्या घराण्यात लिहिले जावे, ही विदर्भास भूषणावह गोष्ट आहे. अकबराच्या काळातील रामदास नावाचा टीकाकार तर म्हणतो की, विक्रमादित्याच्या आज्ञेने कालिदासानेच प्रवरसेनासाठी हे काव्य रचले. ही झाली परंपरा. तिचा आधार घेऊन कालिदास हा चंद्रगुप्ताकडून या दरबारी आला असावा व रामगिरी त्याने प्रत्यक्ष पाहिला असावा, असे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडले.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. प्रभावती ही भगवंताची निस्सीम भक्त होती. तसे ती स्वतःच सांगते. तिचा पुत्र प्रवरसेन मात्र आपल्या लेखांत स्वतःस परम माहेश्वर, म्हणजे शिवभक्त म्हणवितो. एवढी समर्थ माता आपला उपास्य देव पुत्रावर लादू शकली असती. तसे घडले नाही. आमचा स्वतःचा धर्म निराळा असला, तरी मनुष्याची श्रद्धा ही त्याच्या अंतःकरणातून उगवली पाहिजे, बळजबरीने नव्हे, हे तत्त्व आम्ही मानतो. म्हणूनच या घराचे हे चित्र आम्हांस आदरणीय वाटते.

आता क्षणभर दृष्टी दूर पश्चिमेकडे वळवू. प्रभावती नंदिवर्धनात राज्य सांभाळीत होती, त्याच सुमारास इ. स. ४१० मध्ये गॉथ लोकांनी रोम लुटले, आणि ब्रिटनवरील रोमन सत्ता संपुष्टात आली. संत ऑगस्टीन त्याच वेळी आफ्रिकेत आपला महान ग्रंथ लिहीत होते. आणि इ. स. ४२५ पासून सुमारे बारा वर्षे पश्चिम रोमन साम्राज्याचा कारभार गाला प्लासिडिया या विधवा राजमातेने आपल्या अज्ञान पुत्राच्या, तिसऱ्या व्हॅलेंटिनियनच्या नावाने पाहिला. तीही एका सम्राटाची कन्या होती. एकमेकींचे नावही न ऐकलेल्या या दोन स्त्रिया एकाच काळी एकच ओझे वाहत होत्या. प्लासिडियेच्या मागे रोमचे ग्रंथकार होते, त्यांनी तिची हकीकत लिहून ठेवली. प्रभावतीच्या मागे ग्रंथकार नव्हते. तिची हकीकत तिच्याच आज्ञेने तांब्यावर कोरली गेली, तेवढीच उरली.

ती उरलेली हकीकत आपल्या हाती येण्यास अनेकांचे श्रम लागले. मिराशी हे नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक होते. वाकाटकांचे लेख शोधण्यात व वाचण्यात त्यांनी आयुष्य वेचले, आणि १९६३ मध्ये त्या सर्वांचा संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. रामटेकच्या डोंगरावर तांबड्या दगडाची दोन जुनी नृसिंह मंदिरे आहेत, ती वाकाटकांच्याच काळची. त्यांपैकी केवल-नृसिंह मंदिराच्या भिंतीवर झिजलेला एक शिलालेख उजेडात आला. त्यात प्रभावतीच्या परिवाराचा उल्लेख असून, ते मंदिर तिच्या कन्येने मातेच्या पुण्यस्मरणार्थ बांधविले असावे, असे काही विद्वानांनी वाचले आहे. पुढे २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज व महाराष्ट्र राज्याचे पुरातत्त्व खाते यांनी नगरधन येथे उत्खनन केले. त्यात मातीचा एक लहानसा अंडाकृती ठसा सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव व शंखाची आकृती आहे. केवळ काही ग्रॅम वजनाचा तो मातीचा गोळा. पण ज्या मातीत तो निघाला ती नगरधनची, आणि त्यावरील नाव तिचे. ताम्रपटांत वाचलेली राणी येथेच राहत होती, याची साक्ष त्या गावच्या मातीनेच दिली.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्या शाळेतील मुलींनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे की, सोळाशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात एका स्त्रीने संकटकाळी राज्य राखले आणि माहेरचे नाव न टाकता सासरचे कर्तव्य पार पाडले. मुलांनी हे ध्यानात घ्यावे की, हाती आलेला अधिकार हा बहुधा दुसऱ्याची ठेव असतो. घरातील थोरला भाऊ, वर्गाचा मुख्य विद्यार्थी, गावचा सरपंच, देशाचा मंत्री, या सर्वांस ती ठेव एके दिवशी परत करावयाची असते. पवित्र शास्त्रात विश्वासू कारभाऱ्याचा दृष्टांत आपण वाचतो. त्याचा धनी परत आल्यावर हिशेब मागतो. प्रभावतीने आपला हिशेब तांब्यावर लिहून ठेवला आहे, आणि तो तपासून पाहणाऱ्यास त्यात पुत्राच्या वाट्याचे काही कमी आढळत नाही.

पुढील वेळी रामटेकास जाल तेव्हा डोंगर अवश्य चढा, अंबाळा तलाव पाहा, कथा ऐका व त्यांचा आनंद घ्या. परंतु उतरल्यावर थोडी वाट वाकडी करून नगरधनासही जा. तेथे पाहण्यासारखे फारसे भव्य असे काही नाही. शेते आहेत, किल्ल्याची तटबंदी आहे आणि माती आहे. त्या मातीकडे आदराने पाहा. जिने आपले नाव सर्वांच्या शेवटी लिहिले, त्या राजमातेचा ठसा तिने सोळा शतके जपून ठेवला होता.